भोंग्याला सरावलेली डुकरं : एका रब्बीच्या नोंदी

१४ नोव्हेंबर

मामांचा हरभरा आता कुठं चार पानांवर आलाय आणि नाल्याकडच्या सहा ओळी रानडुकरांनी उकरून टाकल्यात. वावर उमरेडच्या पुढं, कऱ्हांडल्याच्या अभयारण्याच्या अंगाला. अडीच एकर हरभरा, दीड एकर तूर. माझं नागपुरात सीताबर्डीला अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. त्यामुळं "तू त काहीतरी वाजवणारं बनव ना बे" ही जबाबदारी आपोआप माझ्याकडं आली.

आतापर्यंतचे उपाय असे : धुऱ्याभोवती (बांधाभोवती) जुन्या साड्या (आठ दिवस चालल्या), मामांचाच सदरा घातलेलं बुजगावणं (पाचव्या दिवशी डुकरांनी त्याच्या पायाशीच उकरलं), दिवाळीतले उरलेले सुतळी बॉम्ब (संपले). शेजारच्या वावरवाल्याचा सल्ला तारेत लाइनचा करंट सोडायचा. तो बेकायदेशीर आहे, आणि अशा तारांना चिकटून माणसं मेलेली आहेत. तो विषय तिथंच बंद केला.

आज यंत्रबिंत्र काही नाही. नाल्याकडच्या धुऱ्याला लागून दोन हात रुंद पट्टा वखरला आणि फळी फिरवून सपाट केला. रोज सकाळी त्यावरची खुरं बघायची, वहीत तीन आकडे लिहायचे, पुन्हा फळी फिरवायची. आकडे कोणते? पट्ट्यावर किती जागी खुरं उमटली, डुकरं आत किती पावलं आली, किती ओळी उकरल्या. मामा म्हणाले, "हे लिहून डुकरं पळतीन का?" पळणार नाहीत. पण पुढच्या तीन महिन्यांत सगळ्यात कामाला आली ती ही फुकटची वहीच. हे काम करणाऱ्यानं भोंगा घेण्याआधी फळी फिरवावी.

२० नोव्हेंबर

पहिली पेटी लावली. सायक्लिक टायमर (ठरावीक वेळानं चालू-बंद करणारा) ३५०, एमपी३ वाजवणारा बोर्ड १८०, तीस वॉटचा अ‍ॅम्प बोर्ड ४२०, दुकानातला जुना भोंगा ७०० (माझ्याच गल्ल्यात माझेच पैसे टाकले, हिशेब चोख असावा म्हणून), १२ व्होल्टची बॅटरी ९५०, वीस वॉटचं सोलर पॅनल १,२५०, चार्ज कंट्रोलर ३००, वर पावसापाण्याची प्लॅस्टिक पेटी २२०. एकूण ४,३७०.

आवाज वाघाचा, बारा सेकंदांची डरकाळी. रात्री आठ ते पहाटे पाच, दर दहा मिनिटांनी एक. भोंगा बांधावरच्या पळसाला, नाल्याकडं तोंड करून.

माझी एक चूक पहिल्याच दिवशी. बॅटरीचं प्लस-मायनस अंधारात उलटं जोडलं आणि एमपी३ बोर्ड जळाला. गाडीच्या डिकीत दुसरा होता म्हणून निभावलं. दोन्ही वायरी लाल रंगाच्या वापरल्या होत्या. चाळीस वर्षांचा माणूस, वीस वर्षांचं दुकान, आणि दोन्ही वायरी लाल.

२७ नोव्हेंबर

वहीतले आकडे, डुकरं आत किती पावलं आली ते :

२० ला काही नाही. २१ ला काही नाही. २२ ला काही नाही. मामांनी फोन करून चहाला बोलावलं. २३ ला पट्ट्यावर खुरं, पण तिथूनच माघारी. २४ ला पंधरा पावलं आत. २५ ला चाळीस. काल रात्री पळसाच्या अलीकडं, म्हणजे भोंग्याच्या पुढ्यात, तीन ओळी साफ.

मामांनी एका वाक्यात निदान केलं, "वाघ काय घड्याळ लावून डरकाळी फोडते का बे?"

मी गुणाकार करून बघितला. नऊ तास, दर दहा मिनिटांनी एक, म्हणजे एका रात्रीत ५४ डरकाळ्या. आठवड्यात ३७८. कऱ्हांडल्याचा खरा वाघ वर्षभर एवढा ओरडत नसेल. आणि ३७८ वेळा ओरडून एकदाही झाडीतून बाहेर आला नाही.

तरी मला वाटलं, आवाज कमी पडतोय. ही पुढची चूक, आणि ही मोठी.

५ डिसेंबर

मागचा आठवडा आम्ही काय केलं ते तसंच्या तसं लिहितो, कारण बहुतेक जण हेच करतात. डुकरं दाद देत नाहीत असं दिसलं की मामा संध्याकाळी पेटी उघडून आवाजाचा नॉब थोडा पुढं सरकवायचे. रोज थोडा. २८ तारखेला नॉब अर्ध्यावर होता, काल शेवटाला टेकला. भोंगा आता असा वाजतो की नाल्यापलीकडच्या वस्तीवरून निरोप आला, लेकरं झोपत नाहीत.

लेकरं झोपत नाहीत, आणि डुकरं? काल रात्री मी स्वतः मचाणावर होतो. सात डुकरं, त्यात दोन पिल्लं. पूर्ण आवाजात डरकाळी झाली, माझ्याच छातीत धस्स झालं, आणि खालच्या डुकरीणीनं मान वर केली नाही. कान तेवढा हलला. एखाद्या म्हशीनं माशी उडवावी तसा.

पुतणी नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करतेय. तिला फोनवर सांगितलं तर ती हसायलाच लागली. "काका, तुम्ही डुकरांची शिकवणी घेतली." मग तिनं १९६९ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग सांगितला, डेव्हिस आणि वॅगनर यांचा. मोठ्या आवाजानं उंदीर दचकतो. काही उंदरांना पहिल्यापासून १२० डेसिबलचा आवाज ऐकवला. काहींना बारीक आवाजापासून सुरुवात करून पायरी पायरीनं तिथवर आणलं. शेवटी सगळ्यांना तोच १२० चा आवाज दिला तेव्हा पायरीनं आलेले उंदीर सगळ्यात कमी दचकले. म्हणजे एखाद्या जनावराची भीती घालवायची असेल तर काय करावं, याचं उत्तर आम्ही बरोबर अमलात आणलं होतं. फक्त आम्हाला ती घालवायची नव्हती.

या गोष्टीला त्यांच्या पुस्तकात हॅबिच्युएशन म्हणतात. मामांना सांगितलं तर म्हणाले, "म्हंजे कोडगेपणा." पुतणीला हे मान्य नाही. तिच्या मते कोडगेपणात जाणूनबुजून दुर्लक्ष आहे, इथं जनावराच्या मनाचा प्रश्नच नाही, प्रतिक्रियाच आपोआप खाली येते. मी मध्ये पडलो नाही.

नॉब परत अर्ध्यावर आणून त्यावर फेविक्विक टाकलं. मामा रागावले.

६ डिसेंबर

सकाळी पोलीस पाटील वावरात आले. भांडायला नाही, पण बोलले ते पटलं. इकडं खरा वाघ आहे. अभयारण्य लागून आहे. पहाटे बाया निंदायला निघतात, माणसं गुरं घेऊन नाल्यात जातात. रोज रात्री ५४ वेळा डरकाळी ऐकून गावातली पोरं आता "मामाचा वाघ" म्हणून हसतात. उद्या खरा ओरडला तर कोणी थांबेल का?

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. डुकरांचे कान मेले ते मेले, गावाचेही मारत होतो. वाघाचा आवाज आजपासून बंद. तुमचं वावर जंगलाला लागून असेल तर हा आवाज वापरूच नका.

११ डिसेंबर

पाच रात्री भोंगा पूर्ण बंद ठेवला. पुतणीचं म्हणणं होतं की मधे खंड पडला की दचकणं आपोआप परत येतं. १९६६ मध्ये थॉम्पसन आणि स्पेन्सर यांनी या सवयीची नऊ लक्षणं मांडली, त्यातलं हे एक. काल रात्री चालू केला. वाघ नको म्हणून आता माणसाचा आरडाओरडा, मीच दुकानात रेकॉर्ड केलेला.

पण डुकरं सरळ आत. एकही थांबलं नाही.

आज दिवसभर मी आणि पुतणी यावर फोनवर डोकं लावत बसलो. नवा आवाज आहे, खंडही पडलाय, मग दचकली का नाहीत? ती म्हणाली, बऱ्याच रात्री सलग सराव झाला की तो लवकर जात नाही. एरिक कँडेल यांनी समुद्री गोगलगायीवर हे काम केलं (२००० चं नोबेल त्यांना मिळालं). गोगलगायीला तिच्या अंगावरच्या नळीपाशी हलका स्पर्श केला की ती कल्ला (श्वास घ्यायचा अवयव) आत ओढून घेते. लागोपाठ दहा स्पर्शांत ती ओढणं कमी करते, पण थोड्या वेळानं पुन्हा पहिल्यासारखी. तेच दहा-दहा स्पर्श चार वेगवेगळ्या दिवशी दिले तर तीन आठवड्यांनीसुद्धा सवय टिकून राहते. आमच्या डुकरांची शाळा तर पंधरा रात्री चालली होती.

पटण्यासारखं होतं. फक्त या वेळी कारण ते नव्हतंच.

१२ डिसेंबर

भोंगा काढून बघितला तर आत दव साचलेलं. डायफ्रामवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पातळ पडद्यावर, पांढरी बुरशी. फोनमधल्या मीटरवर एक मीटरवरून ८१ डेसिबल, लावला तेव्हा ९८ होते. शिवाय आवाज फाटलेला, माझा ओरडा म्हणजे नाक चोंदलेला रेडिओ. डुकरांपर्यंत काही पोचतच नव्हतं आणि आम्ही गोगलगायीवर चर्चा करत होतो.

ज्यानं आयुष्यभर स्पीकर दुरुस्त केले त्यानं स्पीकर सगळ्यात शेवटी तपासला. डायफ्राम बदलला, तोंडाला बारीक जाळी लावली, भोंगा जमिनीकडं किंचित झुकवून बांधला म्हणजे पाणी आत राहणार नाही. दोन रात्री आणि उमरेडच्या दोन फेऱ्या वाया.

यापुढं नियम : डुकरं सरावली असं म्हणण्याआधी आवाज मोजायचा.

१६ डिसेंबर

पण मग पहिल्या पंधरा दिवसांत डुकरं खरंच सरावली होती, की तेव्हाही भोंगाच हळूहळू बसत होता? हे मला खायला लागलं. मचाणावर माझी छाती धडधडली होती, म्हणजे आवाज होता. तरी खात्री करायची होती. पुतणीनं एक युक्ती सांगितली. जनावर एका आवाजाला सरावलं असेल तर मध्येच वेगळं काहीतरी जोरदार घडवायचं, आणि लगेच तोच जुना आवाज परत द्यायचा. सरावानं कान मेले असतील तर जुन्या आवाजालाही ते पुन्हा दचकतं. नुसता थकवा असेल तर तसं होत नाही.

यासाठी एका रात्रीपुरता वाघ परत आणावा लागला. पोलीस पाटलांना विचारून, गावात दवंडी नाही पण सगळ्यांना सांगून.

परवाची रात्र. थंडी इतकी की मचाणावर घोंगडीतून हात बाहेर काढवत नव्हता. साडेअकराला डुकरं आली, पाच. चांदणं स्वच्छ होतं, पाठीवरचे राठ केस उभे दिसत होते. ११.४० ला डरकाळी. कोणी हललं नाही. दहा मिनिटांनी दुसरी. एक पिल्लू थांबलं, परत उकरायला लागलं. मग मामांनी वरून रिकामं रॉकेलचं पिंप खाली दगडावर सोडलं. असा आवाज झाला की आमचा मोत्या झोपेतून उठून विरुद्ध दिशेला पळाला. डुकरं नाल्यात गडप.

आम्ही गप्प बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी ती परत आली. आधी मोठी मादी पट्ट्यावर, मग बाकीची. जराशी आत आली आणि मी डरकाळी वाजवली, तीच, तेवढ्याच आवाजात. पाचही माना एकदम वर. मादी चार पावलं मागं सरकली आणि नाल्याकडं तोंड करून उभी राहिली. पुढच्या डरकाळीला दोघांनीच मान वर केली. तिसरीला कोणी नाही.

मामा माझ्या कानात म्हणाले, "पायलं का, थे इसरले नव्हते. थे मोजून राहिले होते."

मोजत नसावीत. पण मला यातून एक नक्की कळलं. डुकराला आवाज ऐकू येतो, समजतो, आणि त्यामागून काही येत नाही हेही समजलेलं असतं. म्हणून आवाज बदलून पुरणार नाही. नवा आवाज म्हणजे आणखी तीन रात्री, बस.

२३ डिसेंबर

आता घड्याळावर नाही, डुक्कर आलं तरच वाजायचं. आर्डुइनो नॅनो (कोड टाकून चालवायचा छोटा बोर्ड) ३२०, चार पीआयआर सेन्सर (अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारे) ८० प्रमाणे ३२०, केबल १,१५०, रिले ९०, दुसरा जुना भोंगा ७००, एलईडी फ्लड (झोताचा दिवा) ४५०. मधल्या काळात जळलेला एमपी३ बोर्ड १८० आणि एक सेन्सर ८०. मिळून ३,२९०.

सेन्सरची नजर सात मीटरच्या आसपास. अडीच एकर त्यानं झाकता येत नाही, पण झाकायची गरजही नाही. महिनाभराची वही सांगते की डुकरं नाल्यातून तीनच जागी वर चढतात. तिथं सेन्सर. आधी पट्टा केला नसता तर हे कळलं नसतं आणि मी वावराच्या चार कोपऱ्यांना चार सेन्सर लावून बसलो असतो.

शिवाय मामांच्या खोपडीत, म्हणजे वावरातल्या झोपडीत, एक बझर. सेन्सर पेटला की बझर वाजतो, मामा उठून टॉर्च मारतात.

३० डिसेंबर

बझर सात रात्रींत एकूण २१२ वेळा वाजला. डुकरं आली ती फक्त नऊ वेळा. बाकी वाऱ्यानं हलणारं गवत, एक मांजर, दोनदा मोत्या, आणि एकदा मामाच लघवीला गेले तेव्हा.

परिणाम काय व्हायचा तोच झाला. २८ तारखेला डुकरांनी सव्वा ओळ खाल्ली. मी विचारलं, मामा, बझर वाजला नाही का? "वाजला असन. मले ऐकूच नाही आलं." खोटं बोलत नव्हते. बझर कानापासून तीन फुटांवर, आणि माणूस गाढ झोपेत. रोज मरे त्याला कोण रडे.

आपलं घरी वेगळं काय आहे? नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर खोलीत पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असतो आणि आपण त्यात मेल्यासारखे झोपतो. लाइट गेली, घरघर थांबली, की अख्खं घर जागं. जाग येते ती आवाज थांबल्यानं. दुकानासमोरून दिवसभर हॉर्न वाजतात, मला गिऱ्हाईकानं सांगितल्याशिवाय ऐकू येत नाहीत. मामांना दोष कसा द्यायचा. दवाखान्यांच्या अतिदक्षता विभागात यंत्रांच्या सततच्या खोट्या पीप-पीपला नर्सेस अशाच सरावतात आणि तो जगभर गंभीर प्रश्न मानला जातो, हे पुतणीनं सांगितलं. आमची तर फक्त हरभऱ्याची गोष्ट.

उपाय मोठा आवाज नाही. मामांनी "मोठा बझर आन" म्हटलंच होतं. फेविक्विक आठवून गप्प बसलो.

४ जानेवारी

खोटे इशारे कमी करण्यात पाच दिवस गेले. काय केलं : सेन्सरच्या पुढचं गवत विळ्यानं काढलं (मामांनी आधीच सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं). सेन्सर गुडघ्याइतक्या उंचीवर आणून तोंड नाल्याच्या चढणीवर रोखलं. प्रत्येक सेन्सरभोवती प्लॅस्टिक पाइपचा तुकडा टोपीसारखा बसवला म्हणजे आजूबाजूचं दिसत नाही. आणि कोडमध्ये अट घातली की पंधरा सेकंदांत दोनदा हालचाल दिसली तरच वाजायचं.

एका सेन्सरची केबल उंदरांनी कुरतडली. आता केबल पाइपातून.

कालच्या रात्री बझर तीनदा. त्यात दोनदा डुकरं. मामा तिन्ही वेळा उठले.

२२ जानेवारी

हे अठरा दिवस चाललं ते तपशिलात देतो, कारण शेवटी यानंच काम केलं.

पहिल्या दहा रात्री आवाज झाला की मिनिटाच्या आत काहीतरी खरं घडलंच पाहिजे असं ठरवलं. भोंगा वाजतो, फ्लड लागतो, आणि मामा काठी-टॉर्च घेऊन ओरडत मोत्यासकट नाल्याकडं पळतात. थंडीत, साठ वर्षांचा माणूस. तिसऱ्या रात्री ते म्हणाले, "एवढं पळाचं होतं त पेटी काहून लावली?" प्रश्न बरोबर होता. मी दोन रात्री स्वतः जाऊन पळलो. गुडघा सुजला.

अकराव्या रात्रीपासून मामा चार वेळांतून एकदाच बाहेर पडले, कधी पहिल्या वेळी, कधी तिसऱ्या. पुतणी म्हणते हे आता हॅबिच्युएशन राहिलं नाही, हे शिकवणं झालं, आवाज आला की माणूस येतो हे डुकरांनी जोडून घेतलं. नाव काहीही असो.

भोंगे दोन. आठवड्यातून दोनदा त्यांची जागा बदलतो. आवाज सहा प्रकारचे : माझा ओरडा, मामांचा, कुत्र्यांचं भुंकणं, पत्रा, पिंप, आणि ट्रॅक्टर चालू होण्याचा. आर्डुइनो त्यातला कोणताही उचलतो, लागोपाठ तोच नाही. कधी आधी उजेड, कधी आधी आवाज. एका रात्रीत साधारण तीन-चार वेळा वाजतो. कुठं ५४ आणि कुठं चार.

अठरा रात्रींत पट्ट्यावर खुरं ११ रात्री दिसली. आत आली दोनदा, त्यातही एकदा बॅटरी उतरली होती. तीन दिवस ढग होते आणि पॅनल धुळीनं माखलेलं, पुसायचं माझ्या लक्षात राहिलं नाही. उकरलेल्या ओळी एकूण दीड.

ट्रॅक्टरचा आवाज सगळ्यात कमजोर निघाला. दिवसभर शेजारी खरे ट्रॅक्टर चालतात, डुकरांच्या दृष्टीनं त्यात विशेष काय. तो काढून टाकला.

८ फेब्रुवारी

रोह्यांपुढं (नीलगायींपुढं) आम्ही हरलो. घाटे भरायला लागल्यापासून चार रोही पहाटे येतात, आणि नाल्याकडून नाही, वरच्या पडीकातून. सेन्सर तिकडं नाहीत. एक सेन्सर उचलून तिकडं लावला, तर ऊन वर आलं की तापलेल्या गवतावर दिवसभर खोटा पेटत राहतो. रोही भोंग्याला थोडं थबकतात आणि मग उभे राहूनच खातात. एक नर तर फ्लडकडं बघत रवंथ करत होता. मामांना त्याचं कौतुक वाटलं असावं, कारण त्या दिवशी शिवी दिली नाही.

वरच्या बाजूचं दहा-बारा गुंठ्याचं नुकसान झालं. वनखात्याकडं नुकसानीचा अर्ज केलाय, पंचनामा होऊन गेला.

रोही दिवसउजेडी येतात आणि माणसं रोज दुरून बघतात, कोणी अंगावर जात नाही. म्हणजे माणसांना ते आमच्या पेटीच्या आधीच सरावलेले होते. ही माझी अटकळ. पुढच्या वर्षी वरच्या बाजूला नुसतं जाळीचं कुंपण टाकावं असं वाटतं, भोंग्याचा खर्च तिकडं वाया आहे.

२५ फेब्रुवारी

सोंगणी झाली. हरभरा १४ क्विंटल. गेल्या वर्षी ९ होता. सगळं श्रेय पेटीला देऊ नये. यंदा डिसेंबरात ढगाळ दिवस कमी होते, घाटेअळीही कमी होती. मामा श्रेय पावसाला देतात, आणि थोडं मोत्याला.

हिशेब : पहिली पेटी ४,३७०, दुसरा फेरा ३,२९०. नागपूर ते वावर सतरा फेऱ्या, पेट्रोल साडेचार हजारांच्या आत. एकूण बारा हजारांच्या घरात. परत करायचं झालं तर पहिल्या पेटीतला टायमर घेणार नाही आणि पहिले तीन आठवडे वाचवीन. त्या तीन आठवड्यांत ज्या ओळी गेल्या त्यांची किंमत मामांनी सांगितली नाही, मीही विचारली नाही.

काल पेट्या काढून दुकानात आणल्या. पळसावरचा भोंगा साफ करायला उघडला तर आतल्या बाजूला, डायफ्रामपासून चार बोटांवर, कुंभारीण माशीनं मातीचं घरटं बांधलेलं. सहा खोल्या, पाच बंद, एक अर्धवट. भोंगा परवा रात्रीपर्यंत वाजत होता.